केतकीचा पहिला लॉट

नवा ब्रँड काढणारं कोणी ना कोणी आमच्या शेडमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी येतं. प्रत्येक जण एखादा किस्सा ठेवून जातो. काही जण कापडही ठेवून जातात आणि न्यायला येत नाहीत.

मी भोपाळच्या आनंद नगरात अठ्ठावीस वर्षं सरकारी कारखान्याचे, म्हणजे आमच्या भाषेत प्लँटचे, युनिफॉर्म शिवले. कामगारांचे, नर्सबायांचे, कँटीनच्या बायकांचेही. शाळा चौथीपर्यंत. कटिंगमध्ये मात्र माझ्याकडे बोट दाखवणारा भोपाळमध्ये कोणी नाही. तरी केतकीच्या एका लॉटने जेवढे किस्से दिले, तेवढे प्लँटने दिले नाहीत.

*

केतकी प्लँटच्या टाउनशिपमधलीच. तिचे वडील देवधर साहेब प्लँटमध्ये इन्स्पेक्शनला होते. माझा माल तेच तपासायचे आणि पास झालेल्या कपड्यावर आतून खडूची टिक करायचे. पुण्याची नोकरी सोडून ती कुर्त्यांचा ब्रँड काढायला आली. साहेबांनी बजावलं होतं, लेडीज क्लबच्या दिवाळी प्रदर्शनात माल खपला नाही तर परत पुणे.

"काका, तुमची मिनिमम ऑर्डर किती?"

"प्लँटची एक पाळी. तीनशे जोड."

ती म्हणाली, "माझे तीस आहेत."

रफीक, माझा सगळ्यात जुना कारागीर, तोंडावर हात ठेवून हसला. मी ऑर्डर घेतली. साहेबांची मुलगी होती.

*

कापड यायच्या आधी लेबलं आली. कुर्ते तीस आणि लेबलं एक हजार. लेबलवाल्याचं मिनिमम तेवढंच होतं म्हणे.

उरलेल्या लेबलांचं काय करणार, मी विचारलं.

"कुर्ते शिवणार."

उत्तर मला आवडलं. तिला सांगितलं नाही.

*

मग साइज चार्ट आला, इंटरनेटवरून काढलेला. खांदे अरुंद, दंड काडीसारखे.

"ही बाई राहते कुठे?" मी विचारलं.

हे स्टँडर्ड माप आहे, ती म्हणाली. मी म्हटलं, टाउनशिपमध्ये अशी बाई मी पाहिलेली नाही. ती हटेना. मग प्लँटच्या कामात घ्यायचो तशी पॅटर्नवर तिची सही घेतली आणि तिच्याच मापाने कापायला घेतलं.

*

तीस कुर्त्यांच्या कापडात सत्तावीस निघाले. केतकीने सगळ्यांसमोर विचारलं, "तीन कुर्त्यांचं कापड कुठे गेलं?"

मशीनं थांबली. शिंपी कापड खातो असं लोक म्हणतात. माझ्या तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. मी कात्री खाली ठेवली आणि माल उचलून न्यायला सांगितलं.

रफीकने एक कुर्ता उलटा करून तिच्यापुढे धरला. "बेटा, अंदर देखो."

बाजूच्या आणि बाहीच्या शिवणीत जास्तीची माया, म्हणजे पुढे उसवून सैल करता येईल असं कापड, आत सोडलेली होती. युनिफॉर्म दोन वर्षं चालवायचा असतो आणि दोन वर्षांत माणूस अंगाने सुटतो. आमच्याकडे कापड असंच कापतात.

ती बराच वेळ शिवण बघत राहिली. "म्हणजे माझ्या मापावर तुमचा विश्वास नव्हता."

"नव्हता. सही होती म्हणून कापलं."

माफी तिने मागितली नाही. मालही नेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बटणं लावायला बसली.

*

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकही कुर्ता गेला नाही. बायका घालून बघायच्या, कुर्ता दंडात अडकायचा, परत ठेवायच्या. केतकीचा फोन आला.

रफीकने मशीन स्कूटरवर बांधलं. आम्ही क्लबात स्टॉलच्या मागेच बसलो. बाई समोर उभी राहायची, मी खडूने खूण करायचो, रफीक उसवून, आतली माया सोडून पुन्हा शिवायचा. एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "इथे अंगावर बसवून देतात गं." केतकीने तेच वाक्य पुठ्ठ्यावर लिहून स्टॉलवर लावलं. ब्रँडची पहिली जाहिरात ती.

*

शेवटच्या दिवशी एकच कुर्ता उरला होता, तेव्हा देवधर साहेब आले. लेकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. कुर्ता उलटा केला. काखेची शिवण बोटाने चाचपली. गळा उजेडात धरला. केतकी माझ्या बाजूला उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती.

साहेबांनी माझ्यापुढे हात केला. मी खडू दिला. त्यांनी कुर्त्याच्या आतल्या बाजूला एक बारीक टिक केली, नीट घडी घातली, खडू मला परत दिला आणि चालू लागले.

"काका, बाबांनी हे काय केलं? खराब केला का?"

मी टेप गुंडाळली.

"पुढच्या लॉटचं कापड कधी आणतेस?"