पित्त म्हणालो मी

त्या सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको कांद्याच्या चाळीत सडका माल निवडत होतो. पिंपळगावच्या बाजारासाठी गाडी भरायची होती. ती वाकून बसली होती, झटक्यात उठली आणि चाळीच्या लोखंडी अँगलवर तिची टाळू आपटली. टण्ण आवाज झाला.

"म्हातारपणी उंची वाढली का गं?" मी म्हणालो.

"तुम्हीच बसवला ना एवढा खाली!" ती हसली. रक्त नाही, टेंगूळ नाही. परत कांद्याला बसली.

जेवणाआधी म्हणाली, डोकं दुखतंय. मग उलटी झाली. पुन्हा म्हणाली, "अहो, लय ठणकतंय." मी म्हणालो, पित्त हाय, सकाळपासून नुसत्या चहावर आहेस. लिंबू-साखरेचं पाणी दिलं, झोप म्हणालो. आमच्या घरात डोक्याला मार लागला की औषध झोपच. पोरगा लहानपणी झोळीतून पडला, रडून झोपला, उठला तो खेळायलाच लागला. मी विशीत कबड्डी खेळताना डोक्यावर पडलो, कोणत्या गावाशी खेळतोय तेच आठवेना. झोपलो, सकाळी बैल जुंपले. नातू मोटरसायकलवरून पडला तेव्हा मात्र त्याला दवाखान्यात पळवलं, कारण रक्त दिसलं. रक्त दिसलं की आम्ही पळतो.

चार वाजता हाक मारली, उठेना. पोरानं गाडीत घालून नाशिकला नेली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी काही म्हणाल्या होत्या का? डोकं दुखतं, उलटी?" पोरगा माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "नाही. काहीच नाही."

त्यांनी समजावलं. पोरं खेळताना पडतात, तरणी गाडीवरून, म्हातारी घरातल्या घरात. म्हाताऱ्या डोक्यात थोड्या माराने पण रक्त साचतं, आणि तिला तर रक्त पातळ करायची गोळी चालू होती. "लवकर आणलं असतं तर," एवढं बोलून ते थांबले. दिवे लागायच्या वेळेला ती गेली.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं. झोपेतच गेली, बोलली काही नाही. लोक म्हणाले, भाग्याची. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी विंचूरहून मुलगी आली. आईच्या तोंडावरून हात फिरवत मला म्हणाली, "दादा, आई शेवटी काय बोलली हो?"

मी पोरालाही जवळ बोलावलं. सगळ्या भावकीसमोर सांगितलं, "दोनदा म्हणाली, डोकं दुखतंय. मीच झोप म्हणालो."