अजून भांडतात ना?

हरेश्वर तांडेल कधी कुणाच्या समोर उभे राहिले नाहीत. बोलायचं असलं की ते सावकाश चालत यायचे, तुमच्या बाजूला उभे राहायचे आणि तुम्ही जिकडे बघताय तिकडेच बघत बोलायला लागायचे. त्यामुळे त्यांचा चेहरा समोरून कसा होता, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. डावा कान मात्र हजार कानांतून ओळखीन. वर केसांचा झुबका, पाळीला भोक आणि आकार असा की सूप हरवलं तर त्यात तांदूळ पाखडावेत. चाळीस वर्षं त्यांनी स्वतःची बोट चालवली. बोट गेली, बायको गेली, मुलं बोईसरला गेली. राहिले ते, त्यांचं जाळ्यांचं छप्पर आणि घोळ नावाची कुत्री.

मी तारापूरच्या कारखान्यांत बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळले. बायको वारली, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि निवृत्त झाल्यावर मी या किनाऱ्यावरच्या गावात भाड्याचं घर घेतलं. हवा उत्तम. पण घरात भांडं पडलं तर ते मीच पाडलेलं असायचं. दूधवाल्याला रोज एक गोष्ट सांगायचो, तर तोही पिशवी फाटकाला अडकवून पळायला लागला. अशात कुंभवलीजवळचा माझा एक जुना कारखाना बंद पडला. माणसं गेली, फाटकावरचा कुत्रा राहिला. त्याचं नाव इनचार्ज. शेवटचा वॉचमन निघताना मला म्हणाला, "साब, इसको ले जाओ. अभी भी हर गाड़ी की आवाज़ पे उठके खड़ा होता है." ते ऐकून मला काय झालं कोण जाणे. इनचार्जला रिक्षात घातलं आणि घरी आणलं.

आमच्या गावात बोंबील वाळत घालायच्या बांबूंखाली सात कुत्र्यांचं राज्य आणि घोळ त्यांची महाराणी. मी पडलो सभ्य माणूस. इनचार्जला साबणाने आंघोळ घातली, दोरी घट्ट धरली आणि मुलगी दाखवायला नेतात तसा त्याला थेट घोळीच्या नाकासमोर उभा केला. पुढे जो आवाज झाला तो वाणगाव स्टेशनात ऐकू गेला आणि थांबलेली गाडी शिट्टी झाली समजून सुटली. हे माझं म्हणणं. पण इनचार्जचा कान फाटला आणि माझ्या लेंग्याचा एक पाय गेला, एवढं गावानेही पाहिलं. त्यानंतर इनचार्ज खाटेखालून बाहेर येईना. तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. शेजारीण म्हणाली, "सोडून या त्याला परत. इकडची त्याचा जीव घेतील." परत म्हणजे कुठे? त्या बंद फाटकाशी?

चौथ्या दिवशी मी अंगणात उभा होतो, तर बाजूला तो कान.

"तोंडाला तोंड लावायला कुणी सांगितला तुमाला?" तांडेल समोरच्या माडाला म्हणाले. "बोटीला बोट लावताना नाकाला नाक लावतो काय? फुटेल ना! बाजूला बाजू लावायची. ती पण हलूहलू."

"मग कुठे लावू? गल्लीत तर पाय ठेवू देत नाहीत."

"गल्ली घोळीची. वाळवण घोळीचा. तुमच्या फाटकावर पण तीच मुतून गेलीय. ओहोटीची वाळू कुणाची नाय. दर्या दिवसातून दोनदा सगला पुसून टाकतो. तिकडे या."

दुसऱ्या दिवसापासून आमची फेरी सुरू झाली. पाण्याच्या बाजूने तांडेल आणि घोळ, सुरूच्या झाडांच्या बाजूने मी आणि इनचार्ज. मध्ये तीस पावलं. तोंडं एकाच दिशेला. तांडेल तिकडून ओरडायचे, "दोरी ढिली सोडा! तुमची भीती दोरीतून त्याच्यात उतरते!" भीती जावी म्हणून मी गोष्टी सुरू केल्या. "तांडेलकाका, एकदा मी बॉयलरच्या वाफेवर अख्ख्या बोईसरची खिचडी शिजवली होती!" तीस पावलांवरून उत्तर आलं, "मीठ कुणी टाकला?"

बत्तीस वर्षांत माझी एकही थाप इतक्या आदराने कुणी ऐकली नव्हती.

तीसची पंचवीस पावलं झाली, पंचवीसची पंधरा. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकायची, तशी आमचीही. मी चहा आधी घ्यायचा की नंतर, हे आता समुद्र ठरवायचा. पाच पावलांवर आलो तेव्हा ओरडायची गरज राहिली नाही आणि त्यांच्या तोंडी मी तुमीचा कधी तू झालो ते कळलं नाही. मग तांडेल थोडं स्वतःचंही बोलले. थोरला मुलगा बोईसरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, ये ये म्हणतो. "तिकडे खिडकीतून काय दिसतं? दुसऱ्याची खिडकी."

एका सकाळी दोन्ही कुत्र्यांची अंगं एकमेकांना लागली. घोळीने इनचार्जच्या शेपटीचा वास घेतला, एकदा शिंकली आणि काही झालंच नाही अशी चालत राहिली. झालं होतं काम. दोऱ्या सोडायच्या, घरी जायचं. मी घाईघाईने म्हणालो, "घरी अजून गुरगुरतो हो हा."

तांडेलांनी घोळीची दोरी मुठीवर गुंडाळली. मग म्हणाले, "घोळ पण मनात ठेवते. वरून दाखवत नाय."

"मग उद्या?"

"उद्या. परत दहा पावलांवरून."

असे आम्ही दिवाळीपासून होळीच्या पुढेही चाललो. दुपारी इनचार्ज कुंपणातून निसटून कुठे जातो हे मला ठाऊक होतं. तांडेलांच्या छपरात पाण्याच्या दोन थाळ्या असतात हेही मी पाहिलं होतं. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

मग तांडेल ओट्यावरून पडले आणि हात प्लास्टरात गेला. दुपारी थोरला मुलगा रिक्षा घेऊनच आला. मी छपरात पोचलो तेव्हा तो कमरेवर हात ठेवून जाळ्याच्या ढिगाकडे बघत होता. ढिगावर घोळ आणि इनचार्ज एकमेकांच्या पोटात डोकी खुपसून झोपली होती.

"बाबा, हीच ना ती कुत्री?" मुलगा म्हणाला. "फोनवर तुमी काय बोलायचे? त्या बॉयलरवाल्या काकांचा कुत्रा लय वाईट हाय, मी गेलो तर घोळ त्याला फाडेल, तो रुळला की येतो. सहा महिने आमी थांबलो!"

हे मला नवीन होतं. मी तांडेलांकडे पाहिलं, ते बाहेरच्या माडाकडे बघत होते. वेळ हातची जात होती. मी तालुक्यातला नंबर एकचा थापाड्या, पुढे झालो. "अहो, ती झोपली नाहीत, दमलीत! सकाळी अशी जुंपली होती की..."

तेवढ्यात इनचार्जने झोपेतच कूस बदलून घोळीच्या मानेवर पाय टाकला. ती डोळे मिटूनच त्याचा फाटका कान चाटू लागली.

"राहू दे रे," तांडेल हळूच म्हणाले. "कुत्र्यांना थाप मारता येत नाय."

रिक्षापर्यंत मी त्यांची पिशवी घेतली. घोळीची दोरी त्यांनी माझ्या हातात दिली. "सोसायटीत चालत नाय म्हणतात," एवढंच बोलले. मला रडू येत होतं, म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "काका, चार दिवसांत ही दोघं एकमेकांच्या नरडीला लागतात की नाही बघा! तुम्हाला धावत यावं लागेल!"

"भांडली की फोन कर," तांडेल म्हणाले.

मी दर रविवारी करतो. गेल्या रविवारी घोळीने इनचार्जला पार केळव्यापर्यंत पिटाळलं, त्याने तिथून सुपारीची झावळी तोंडात धरून उलटा हल्ला केला, वाटेत दोन रिक्षा आडव्या झाल्या. तांडेल सगळं ऐकून घेतात. मागे कुणाचा तरी टीव्ही चालू असतो. शेवटी विचारतात, "रगत आला?"

"थोडंसं."

"म्हणजे अजून भांडतात ना?"

"भांडतात हो काका."

"हात बरा झाला की येतो. तोवर दोरी ढिली ठेव."

प्लास्टर निघून सहा महिने झाले. मी लढाई सांगत असतो तेव्हा ती दोघं माझ्या पायाशी पसरलेली असतात आणि इनचार्ज घोरतो. ते फोनमधून तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून मला आवाज चढवावा लागतो.