जे वाहतं तेवढ्यापुरतं सरकार

रंगनाथ कोंडाजी कुऱ्हाडे सरांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'सरांचे विचार' या विषयावर लिहायला सांगितलं, तेव्हा मला हसू आलं. सरांचा विचार एकच आहे आणि तो अख्ख्या पंचक्रोशीला पाठ आहे. सगळ्या जगाचं मिळून एक सरकार असावं, हा तो विचार. लग्नाच्या मांडवात, सलूनमध्ये, आळेफाट्यावर एसटीची वाट बघताना, सरांनी तो कुठे मांडला नाही असं ठिकाण सापडायचं नाही.

माझी आणि त्यांची ओळख मात्र एका हशाने झाली. मी घाटघरची. आठवीला वारूळवाडीच्या शाळेत आले, वसतिगृहात राहू लागले. भूगोलाच्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "आपल्या तालुक्यात सगळ्यांत जास्त पाऊस कुठे पडतो?"

"आमच्याकडं," मी म्हणाले.

"आणि उन्हाळ्यात पाणी कुठे असतं?"

"तुमच्याकडं."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "असं का बरं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ते तुमीच सांगा, मास्तर तुमी हाय." त्या दिवसापासून सर मला 'प्रश्नपत्रिका' म्हणू लागले. आज मी त्याच शाळेत भूगोल शिकवते, तरी हाक तीच आहे.

जगाच्या सरकारवर मी त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडत असे. त्याची राजधानी कुठे? भाषा कुठली? मोठे देश दादागिरी करणार नाहीत कशावरून? सर कधी चिडले नाहीत. ते म्हणायचे, "अगं, ते सरकार कुणाच्या घरात डोकावणार नाही. कुणी काय पिकवावं, काय खावं, कुणाला पुजावं, यात त्याने पडायचं नाही. जे वाहतं तेवढंच त्याने बघायचं. पाणी, हवा, धूर, साथीचे रोग. यांना हद्द कळत नाही, म्हणून यांचा कारभार हद्दीत बसून करता येत नाही." एका उन्हाळी सुट्टीला निघताना मी शेवटचा प्रश्न टाकला, "पण सर, त्या सरकारचं ऐकणार कोण?"

तीन आठवड्यांनी घाटघरला पोस्टकार्ड आलं. 'चि. सुगंधा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. शोधतो आहे.' खाली सही. माझ्या वडिलांनी ते कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "एवढं शिकल्यालं मास्तर, आन् येत न्हाई म्हून लिवून देतंय? माणूस लई खरा दिसतोय राव," ते म्हणाले. पुढे माझ्या शिक्षणाबद्दल घरात जेव्हा जेव्हा वाद झाला, तेव्हा वडिलांनी त्या कार्डाचा दाखला दिला.

सर निवृत्त झाले, नदीकाठच्या दीड एकरात टोमॅटो करू लागले, आणि मग आमच्या नदीत केंदाळ आलं. केंदाळ म्हणजे जलपर्णी. दिसायला हिरवीगार, पण पाण्याच्या मोटारीच्या तोंडाशी गोळा झाली की पाणी बंद. एका रविवारी वरच्या गावच्या लोकांनी बांबू घेऊन सगळं केंदाळ बंधाऱ्याखाली ढकललं, फोटो काढले, 'आपली नदी स्वच्छ नदी' म्हणून व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकले. दोन दिवसांनी खालच्या गावाने तेच केलं. मग त्याच्या खालच्या. असं ढकलत ढकलत ते जुन्नर तालुका ओलांडून आंबेगावात गेलं आणि पाचव्या गावच्या बंधाऱ्याला थटलं. तिथले बबनभाऊ म्हणजे भारी वस्ताद माणूस. त्यांनी ट्रॉल्या भरल्या, थेट पहिल्या गावच्या वेशीत आणून ओतल्या आणि म्हणाले, "घ्या पावणं, तुमचं हरवल्यालं सापडलं!"

हाणामारी व्हायची वेळ आली. या कचेरीत जावं तर ते म्हणत, पुढची हद्द त्यांची. त्या कचेरीत जावं तर ते म्हणत, केंदाळ आलं तिकडून. सरांना मात्र मनापासून आनंद झाला होता, आणि तो लपवायची त्यांना बुद्धी नव्हती. "मी काय सांगत होतो!" एवढंच ते आठवडाभर म्हणत फिरले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, वैतागून म्हणाल्या, "जगाचं सरकार चालवाया निघाल्यात, आन् घरात चहाला दूध हाय का नाय ते ठावं नाय."

सरांनी पाचही गावांची समिती केली. गाव लहान असो की मोठं, माणूस एक आणि मत एक. कामकाज लिहायला मी. समितीचा अधिकार केंदाळापुरता, त्यापलीकडे एक शब्द नाही. आपल्या काठाचं केंदाळ आपण बाहेर काढायचं, आणि जो खाली ढकलेल त्याची मोटार आठ दिवस बंद. हा नियम सरांनीच सुचवला. बबनभाऊंनी तेव्हाच टोला हाणला, "सर, नियम झ्याक हाय. पर मोटार बंद करायला जायचं कुनी? आन् तो करू दील का?" माझाच जुना प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मी सरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

चार-पाच महिने बरं चाललं. मग चैत्रात सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले. टोमॅटो ऐन फुलात होता आणि मोटार पाणी ओढेना. त्यांचे चिरंजीव सुनील यांनी केंदाळ मोकळं केलं आणि बाहेर काढायच्या ऐवजी दिलं लोटून खाली. घरचीच समिती, कोण बघतंय! पण पलीकडच्या काठावरून कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं आणि ते बबनभाऊंकडे पोचलं.

शाळेच्या वर्गात बैठक बसली. सर डोळ्यांवर काळा चष्मा लावून आले होते. शूटिंग सगळ्यांनी बघितलं. बबनभाऊच म्हणाले, "जाऊ द्या सर. तुमी व्हता का हितं? पोराकडनं झालं. आपन काय परके हाय का?"

"मोटार कुणाच्या नावावर आहे?" सरांनी विचारलं.

"तुमच्या."

"सुगंधा, लिही. आठ दिवस."

मी पेन खाली ठेवलं. फुलातल्या टोमॅटोला त्या उन्हात आठ दिवस पाणी नाही, म्हणजे प्लॉट गेल्यात जमा, हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. मी म्हटलं, "सर, चार दिवस लिहू का?" त्यांनी काळा चष्मा काढला, लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नियमात चार आहे का?" मला त्यांचा भयंकर राग आला, हे मी आज कबूल करते. मी आठ लिहिलं.

बैठक तशीच उठून सरांच्या शेतावर गेली. सरांनी स्टार्टरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढले, ज्यांना आमच्याकडे किटकॅट म्हणतात. ते रुमालात बांधले आणि बबनभाऊंच्या हातात दिले. एवढा बोलभांड माणूस, पण रुमाल घेताना त्यांना मान वर करता येईना.

ते आठ दिवस फार वाईट गेले. शेजाऱ्यांनी पाइप टाकून द्यायची तयारी दाखवली, सरांनी हात जोडून नको म्हटलं. सुनीलभाऊ वडिलांशी बोलत नव्हते. एका सकाळी मी गेले तर काकू घरातल्या नळाची बादली घेऊन एकेका रोपाला तांब्यातांब्याने पाणी घालत होत्या. "हे तरी चालंल का तुमच्या सरकारात?" त्यांनी तिथूनच विचारलं. सर खरोखरच विचारात पडले. मग उठले, दुसरी बादली घेतली आणि त्यांच्या मागून निघाले. अर्धा प्लॉट तरीही वाळला.

नवव्या दिवशी मी सरांच्या ओट्यावर बसले होते, तेव्हा बबनभाऊ रुमाल घेऊन आले. तिन्ही किटकॅट त्यांनी सरांच्या हातात दिले, पण जागचे हलेनात. मग सदऱ्याच्या खिशातून आणखी तीन काढून त्यांनी ओट्यावर ठेवले.

"हे कुणाचे?" सरांनी विचारलं.

"माझं. मागल्या म्हैन्यात मी बी केंदाळ लोटलं व्हतं. आमच्या खाली कोन गाव न्हाई समितीत, म्हून कुनी बोललं न्हाई. आठ दिस ठेवा तुमच्याकडं." आणि ते झपाझप चालू लागले. चहालासुद्धा थांबले नाहीत.

सरांनी ते तीन फ्यूज रुमालात बांधले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रश्नपत्रिके, तुझं ते पोस्टकार्ड आहे का गं अजून?"

"आहे की. का?"

"त्यावर लिहून ठेव, ऐकणारा एक सापडला. बाकीचे शोधतो आहे."

मी ते लिहिलं आहे. पाच गावांवरून जगाचा अंदाज बांधता येतो का, हे मला अजून ठाऊक नाही, आणि सर मला ते पटवून देतात तेव्हा मी अजूनही भांडते. पण बबनभाऊंच्या खालचं गाव आता समितीत आलं आहे, आणि त्याच्या खालचं विचारतं आहे. समुद्र अजून पुष्कळ लांब आहे. एवढं काम उरलेल्या माणसाला पंचाहत्तरीत थांबून कसं चालेल? सरांचे डोळे स्वच्छ राहोत, गुडघे कुरकुर न करोत, काकूंच्या शिव्या त्यांना रोज सकाळी ताज्या मिळोत, आणि त्या पोस्टकार्डावर जागा संपेपर्यंत त्यांचा शोध चालू राहो. जागा संपली तर मी दुसरं कार्ड आणून ठेवलं आहे.