बिनमेकअपचा फोटो

गल्लीत तिला सगळे रेडिओ म्हणायचे आणि तिला त्याचा जराही राग नव्हता. दोन खुर्च्यांचं पार्लर, भिंतभर आरसा, पडद्यामागे वॅक्सिंगचा पलंग. सकाळी दहाला शटर वर गेलं की हिचं तोंड सुरू. कुणाची सून रुसली, कुणाच्या नवऱ्याची बदली झाली, सगळ्या बातम्या ताज्या. भुवया कोरताना दोऱ्याचं टोक दातांत धरावं लागतं, तेवढाच काय तो गिऱ्हाइकाच्या कानांना आराम.

पण एका बाबतीत रेडिओ पक्की मुकी होती. जिच्या हाताखाली ती काम शिकली, त्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाईमाणूस आपल्यासमोर अंग उघडं करतं ते विश्वासानं. डाग दिसेल, वळ दिसेल, टाके दिसतील. विचारायचं नाही, बोलायचं नाही. घरी जाऊन नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही." वीस वर्षं तिनं हे पाळलं. एवढी बडबडी बाई, पण पडद्यामागचं एक अक्षर कधी पडद्याबाहेर आलं नाही. बायका तिच्याकडे टिकून होत्या त्या त्यामुळेच.

त्यात एक होत्या भूगोलाच्या बाई. रेडिओच्या मुलीला शाळेत त्यांनीच शिकवलेलं. नवरा नाही, मूल नाही, एक धाकटी बहीण आणि घरभर पुस्तकं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, शाळा सुटली की बाई हजर.

मग ती मोहीम आली. स्तनांच्या कॅन्सरसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं टूम काढली: मेकअप न करता स्वतःचा सेल्फी काढायचा, संस्थेचं नाव लिहून मोबाइलवर टाकायचा आणि तीन मैत्रिणींना आव्हान द्यायचं, आता तुमची पाळी. रेडिओच्या अंगात वारंच शिरलं. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकीला आधी तोंड धुवायला लावायची, फोटो काढायला लावायची, मगच क्रीमला हात. नवरा म्हणाला, "अगं, लोकांना रंगवून पोट भरतेस आणि बिनरंगाचे फोटो टाकतेस? स्वतःच्याच पायावर धोंडा!" ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं." महिनाभरात तिच्या पार्लरमधून शंभरावर चेहरे गेले. देणग्याही आल्या, ते खोटं कशाला बोला. संस्थेनं तिला प्रमाणपत्र दिलं.

नावं ठेवणारेही निघालेच. 'तोंड धुतलं की समाजसेवा झाली का?' असं एकानं लिहिलं. 'आजारी बायकांच्या नावावर स्वतःचं कौतुक करून घेताय,' असं दुसरीनं. रेडिओ एकेकाला झाडून काढायची. "स्वतः काडी हलवायची नाही आणि दुसऱ्यानं केलं की यांच्या पोटात दुखतं!"

त्या शनिवारी बाई आल्या. पलंगावर पडून उजवा हात डोक्यामागे घेतला. रेडिओनं काखेत पावडर लावली, गरम वॅक्स पसरलं, पट्टी दाबली आणि कातडी ताणून धरायला बोटं टेकवली. बोटांखाली काहीतरी सरकलं. हरभऱ्याएवढं, टणक. केसतूड असं लागत नाही. केसतूड दुखतं, लाल होतं. इथं बाईंनी हूं की चूं केलं नव्हतं.

तिचे हात क्षणभर थांबले. बोलावं का? मग मॅडमचे शब्द आठवले. आणि बोलायचं तरी काय? आपण काय डॉक्टर? उगाच बाईंचा जीव टांगणीला लागायचा. तिनं पट्टी ओढली आणि भाजीबाजारातला किस्सा पुढे सुरू केला.

नंतर बाई तोंड धुऊन आरशासमोर बसल्या. फोटोला तयार झाल्या, पण कुरकुरत. "अगं, या सगळ्या फोटोंखाली आजाराबद्दल एक ओळ नाही. गाठ कशी बघायची, कुठं चाचपायची, कुणाकडे जायचं? मी माझं थोबाड दाखवून कुणाला काय कळणार? निदान दोन ओळी तरी लिही."

"बाई, लोक वाचत नाहीत हो. लोक चेहरे बघतात," रेडिओ म्हणाली. "हसा आता."

बाई हसल्या. उजव्या हातात फोन उंच धरून त्यांनी फोटो काढला. फार गोड आला. त्या मोहिमेत रेडिओकडच्या फोटोंमध्ये सगळ्यात जास्त पसंती त्यालाच.

पुढच्या महिन्यात गाठ पुन्हा लागली. त्याच्या पुढच्या महिन्यातही, जराशी मोठी. रेडिओ त्या बाजूला हलक्या हातानं पट्टी दाबायला शिकली. त्यानंतर बाई यायच्या बंद झाल्या आणि काय झालं ते गल्लीला कळलं.

बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी त्या आल्या. अंगाचं चिपाड झालेलं, डोक्याला स्कार्फ. औषधांनी केसांचे पुंजके उशीवर पडायला लागले होते. "सगळंच काढून टाक," म्हणाल्या. "रोज थोडं थोडं जाण्यापेक्षा बरं."

रेडिओनं शटर निम्मं खाली ओढलं, अंगावर कापड बांधलं, ट्रिमर लावला. आज ती गप्प होती, बोलत बाईच होत्या.

"माझी गाठ काखेतून सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती. मी स्वतःला नुसती खात होते गं. एवढी शिकलेली बाई, स्वतःच्या अंगातलं कळू नये? मग मनात आलं, रेडिओचे हात दर महिन्याला तिथंच असायचे. वीस वर्षांचे हात. तिला लागली नाही, तर मला काय डोंबल कळणार होतं? तेव्हापासून जरा शांत वाटतं बघ."

डोकं अर्धं झालं होतं. रेडिओनं ट्रिमर बंद केला. गप्प राहिली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. ती बाईंसाठी बोलली की स्वतःच्या छातीवरचं ओझं उतरवायला, हे तिला आजही सांगता येत नाही.

"बाई, मला लागली होती."

"कधी?"

"फोटो काढला त्या दिवशी."

"आणि नंतर?"

"नंतरही. दोनदा."

बाईंनी गळ्याशी बांधलेल्या कापडाच्या गाठीला हात घातला. उठणार तोच आरशात स्वतःचं अर्धं डोकं दिसलं. हात खाली आला.

"पुरं कर," त्या म्हणाल्या. "अशी कशी जाऊ मी रस्त्यानं?"

रेडिओनं उरलेलं डोकं भादरलं. डोळ्यांतलं पाणी बाईंच्या उघड्या डोक्यावर पडलं, तिनं टॉवेल उचलला, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. हात लावू नकोस आता."

स्कार्फ त्यांनी आरशात न बघताच बांधला. "मी दोन ओळी लिही म्हणत होते आणि तुझ्या बोटांना सगळं ठाऊक होतं." मग दाराशी थांबून, मागं न वळता, "कळण्यासारखं नव्हतंच, एवढं एक धरून बसले होते मी. तेही काढून घेतलंस."

त्यानंतर बाई चार महिने होत्या. रेडिओनं पडद्यामागचा नियम मोडला. हाताला काही लागलं की सांगायची, दवाखान्यात जा म्हणायची. दोघी चिडून उठून गेल्या, पुन्हा फिरकल्या नाहीत. एकीची गाठ मात्र वेळेवर सापडली. ते सांगायला रेडिओ धावत बाईंच्या घरी गेली. आधी दोनदा गेली होती, दोन्ही वेळा धाकट्या बहिणीनं दारातूनच सांगितलं होतं, ताई झोपलीय. या वेळीही तेच सांगितलं. आणि ती सांगत असतानाच आतून बाईंचा आवाज येत होता. फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या, मनापासून हसत होत्या.