‘आहे’ म्हणणारे भाऊजी

आमच्या भाऊजींनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द उच्चारला असेल, तर तो ‘आहे’. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते आणि माझी ताई एकाच कारखान्यात, एकाच टेबलाशी समोरासमोर बसू लागले, आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्यांचा संसार आकड्यांतच झाला. ताईने आकडा सांगायचा, भाऊजींनी ‘आहे’ म्हणायचं. मी शेजारच्या खोलीत मशीनवर भोकं पाडतो, त्यामुळे भिंतीपलीकडून दिवसभर हेच माझ्या कानावर पडायचं. इतकं एकमत असलेलं जोडपं मी दुसरं पाहिलेलं नाही.

काम असं होतं. टीव्ही-फ्रिजमध्ये जो सर्किट बोर्ड असतो, तो आत बसवण्याआधी एका पेटीवर दाबून तपासतात. त्या पेटीला फिक्स्चर म्हणायचं. वरच्या बाजूला स्प्रिंगच्या शेकडो पिना उभ्या असतात आणि प्रत्येक पिनेची तार मागच्या पट्टीवर ठरलेल्या जागी जाते. एक तार चुकली की चांगला बोर्ड वाईट ठरतो आणि वाईट बोर्ड चांगला. म्हणून फिक्स्चर बाहेर पाठवण्याआधी त्यातली तार न् तार तपासायची. ताई यादीतून पिनेचा आणि जागेचा आकडा वाचायची. भाऊजी मीटरची एक कांडी पिनेला आणि दुसरी त्या जागेला टेकवायचे. तार बरोबर असली तर मागच्या फळीवरचा मीटर बारीक आवाजात वाजायचा. वाजला की ‘आहे’, नाही वाजला तर तिथे खूण करून तार बदलायची.

गेल्या वर्षी ताई लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि मालकांनी तिच्या जागी मला बसवलं. पहिल्याच दिवशी मी आकडा वाचला, मीटर गप्प राहिला आणि भाऊजी म्हणाले, आहे. मी हसून विचारलं, झोप लागली की काय? त्यांनी घाईघाईने कांड्या पुन्हा टेकवल्या. थोड्या वेळाने परत तेच झालं. तिसऱ्यांदा मला हसू आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ते मला गोदामामागे घेऊन गेले. तरुणपणी पत्रे ठोकायच्या कारखान्यात काढलेल्या वर्षांनी त्यांचे कान खाल्ले होते. जाडा, भारदस्त आवाज अजून ऐकू यायचा, मालकांचा यायचा, माझा तर यायचाच. बारीक आवाज मात्र दोन वर्षांपासून बंद झाला होता. मीटरचा बंद, आणि ताईचाही. मग दोन वर्षं करताय काय, असं मी चिडून विचारलं.

“तिच्याकडे बघतो,” ते म्हणाले. “आकडा सांगताना ती माझ्याकडे बघते, तो मी ओठांवरून ओळखतो. मीटर वाजला की ती पुढचा आकडा शोधायला मान खाली घालते. कांड्या टेकवून मी वर बघतो, तर तिची मान खाली गेलेलीच असते. मग मी ‘आहे’ म्हणतो.”

ताईला सांगा, असं मी किती परीनं विनवलं. ते हात जोडायला लागले. सांगितलं तर ती एक दिवसही मला तिथे बसू देणार नाही, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाचे दुसरीकडे कामावर घेताना सगळ्यात आधी कान तपासतात, असं त्यांचं म्हणणं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही अशी माझी ख्याती आहे, पण ही राहिली. ताई येईपर्यंत मी कान टवकारून बसलो आणि मीटर गप्प राहिला की मोठ्यानं ओरडलो. काम दुप्पट वेळ खायचं, पण चोख झालं.

ताईला घरी कसं कळलं नाही, असं कुणी विचारेल. नवरा माझं ऐकत नाही, ही तक्रार कुठल्या बायकोला नसते? तिने सगळं त्याच खात्यावर टाकलं होतं.

ताई परत येऊन काही महिने झाले आणि मग तपासणीचं एक यंत्र आलं. कपाटाएवढं धूड आणि त्याला एक बारकासा हात. मागच्या पट्टीला त्याच्या केबली जोडायच्या, की तो हात एकेका पिनेला टेकत जायचा आणि पडद्यावर हिरव्या ओळी उमटत जायच्या. चुकीची तार लाल. आवाज म्हणून नाही. भाऊजी आणि ताई ज्याला दोन दिवस लावायचे, ते दुपारच्या चहाआधी संपायचं. महिनाभर बघू म्हणून मालकांनी ते आणलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं की यंत्र ठेवलं तर या दोघांना ठेवता येणार नाही.

भाऊजींची झोप उडाली. डबा तसाच परत जायला लागला. एका सकाळी ते माझ्यासमोरच मालकांच्या केबिनमध्ये शिरले आणि म्हणाले, आम्ही पास केलेली फिक्स्चर गोदामात पडली आहेत, ती सगळी या यंत्रावर लावा. एक तार जरी चुकीची निघाली, तरी आम्ही दोघं त्याच दिवशी निघून जाऊ. नाही निघाली, तर यंत्र परत पाठवा. मालक हो म्हणाले.

मी त्यांना बाहेर ओढलं. डोकं ठिकाणावर आहे ना, म्हटलं.

“मी माझ्या कानांवर पैज लावलेली नाही,” ते म्हणाले. “तुझ्या बहिणीच्या कानांवर लावली आहे. तिचं चुकायचं नाही.”

मलाही ते पटलं, हे खोटं कशाला बोलू. ताईला पैजेचं कळलं तेव्हा तिने हातातली यादी खाली ठेवली. आधी मला का नाही विचारलं, एवढंच बोलली. आम्हाला वाटलं, रागावली.

पहिलं फिक्स्चर लागलं ते नेमकं मी बसलो होतो त्या दिवसांतलं. वरपासून खालपर्यंत हिरवंगार. भाऊजींनी माझा खांदा दाबला. दुसरं त्या दोघांचं होतं. अर्ध्यावर आलं आणि पडद्यावर दोन लाल ओळी उमटल्या. दोन तारांची अदलाबदल. मालकांनी यंत्र पुन्हा चालवलं, पुन्हा त्याच दोन. मी स्वतः मीटर आणून कांड्या टेकवल्या, मीटर गप्पच. तिसऱ्या फिक्स्चरमध्ये आणखी लाल. हे कसं शक्य आहे, असं भाऊजी पुटपुटत राहिले.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ताईकडे वळले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, मीटर वाजत नव्हता तेव्हा तुम्ही दोघं काय करत होता?

“मी मीटर ऐकतच नव्हते, मालक,” ताई म्हणाली. तिची पाठ भाऊजींकडे होती. “लेकीकडून आले तेव्हापासून डोळे अधू झालेत. पुढचा आकडा सापडता सापडत नाही, म्हणून एक सांगितला की लगेच मान खाली घालून दुसरा शोधायला लागायचे. वाजलं की नाही ते हे ऐकतात. हे ‘आहे’ म्हणाले की मी पुढे जायचे.”

ते तिच्या मानेकडे बघत होते आणि ती त्यांच्या शब्दावर चालली होती. मीटर त्या टेबलाशी कुणीच ऐकत नव्हतं.

“काय म्हणाली?” भाऊजींनी माझी बाही धरली. ते ती ओढायलाच लागले. “सांग ना, काय म्हणाली ती?”

शेवटी मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं, ती मीटर ऐकत नव्हती, तुमचं ‘आहे’ ऐकत होती.

ताई गर्रकन वळली. तिने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या कानाकडे पाहिलं, आणि मी ओरडून का सांगतोय ते तिला उमगलं. ती चालत त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

“कधीपासून?”

भाऊजींनी मान खाली घातली. तिने हनुवटीला धरून ती वर केली.

“मी तुम्हाला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “गॅसपाशी उभी होते, तुम्ही मागे बसला होता. म्हटलं, आता माझ्याच्याने मीटरकडे लक्ष देणं होत नाही, तेवढं तुम्ही सांभाळा. तुम्ही ‘बरं’ म्हणालात.”

भाऊजी तिच्या ओठांकडे बघत होते. या वेळी मला काही सांगावं लागलं नाही.