कोरडी मोरी

तापातून उठल्यावर आईला वास येईनासा झाला. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते, पण तो काही परत आला नाही. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. दूध करपलं की काय, गॅस सुरू राहिला की काय, म्हणून टिळकवाडीतल्या आमच्या जुन्या घरात ती दिवसभर फिरायची आणि समोर येईल त्याला विचारायची, “वास येतोय का रं कसला?”

त्यामुळे तळघरातून गटाराचा वास येऊ लागला, तेव्हा मी आणि बायकोनं तिला सांगायचंच नाही असं ठरवलं. तिथल्या मोरीच्या जाळीवर गोणपाट टाकून वर दगड ठेवला. जिन्यात उदबत्त्या लावल्या. प्लंबर आज येतो, उद्या येतो करत राहिला. वास मात्र जिना चढून स्वयंपाकघरात आला. हातात घास धरून मी हुंगत बसायचो, आणि आईनं विचारलं की म्हणायचो, “कसला न्हाय गं.”

एका रविवारी खानापूरची मावशी आली. दारातच तिनं पदर नाकाला लावला. आईनं ते पाहिलं आणि माझ्याकडं वळली.

“कधीपासनं?”

“झाले थोडे दिवस.”

“आणि मी येईल त्याला चहाला बसवून घेतोय व्हय!”

असं म्हणून आई तडक तळघरात उतरली. मी मागोमाग निघालो, पण शेवटच्या पायरीवर नाक दाबून तिथंच थांबलो. ती मात्र मोरीपाशी बसली, दगड-गोणपाट बाजूला सारून जाळी उचलली आणि हात आत घातला.

“कोरडी ठाक हाय की रं. पाण्याचा थेंब न्हाय.”

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं ती इथंच कपडे धुवायची. जाळीखालच्या नळीच्या वाकणात पाणी साचून राहायचं आणि गटाराचा वास तिथंच अडायचा. वॉशिंग मशीन वर आलं, तसं इकडं कुणी पाणीच ओतलं नव्हतं.

मी बादली भरून आणली. आईनं ती सावकाश ओतली. दुपारी मावशी निवांत जेवली. ताटं उचलताना आईनं विचारलं,

“गेला का?”

“गेला.”

“लपवू नको बाबा. मला आता तुमच्याच नाकावर राहायचंय.”

आता मी तिला सगळं सांगतो. शेजारची फोडणी, ओली माती, करपलेली चपाती. तरी सांगून झाल्यावर ती बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहते.