सदतिसाव्या पानावरचा शिक्का

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी बत्तीस वर्षं पुस्तकचोर पकडले. त्यातला सगळ्यात जुना चोर मीच, हे मात्र कुणाला सांगायची छाती झाली न्हाई.

एम.ए.ला असताना याच ग्रंथालयातला इतिहासाचा एक जाडजूड संदर्भग्रंथ मी डब्याच्या पिशवीत घालून लिंबागणेशजवळच्या आमच्या गावी नेला. संदर्भग्रंथ घरी देत नाहीत, हा नियम. तिथंच बसून वाचावं तर गावची शेवटची एसटी पाचला निघायची. शिक्क्याचं पहिलं पान फाडलं की पुस्तक आपलं, अशी माझी अक्कल. आईला सांगितलं, सरांनी बक्षीस दिलंय. वाचून वाचून पुस्तक मागून उसवलं, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या आईनं गोधडीच्या लाल दोऱ्यानं ते असं शिवलं, की बाइंडरनं तोंडात बोट घालावं.

पास झालो आणि त्याच ग्रंथालयात चिकटलो. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या ग्रंथपालांनी शिकवलं, "चोर पहिलं पान फाडतो. म्हणून आपण सदतिसाव्या पानावर गुपचूप दुसरा शिक्का मारतो."

आयला! घाम फुटला. घरी जाऊन पान उघडलं, तर शिक्का होता की तिथं, निळा, गोल, ठसठशीत.

पुढं त्याच पानाच्या जोरावर मी किती पोरांना रडवलं! "उघड सदतिसावं," मी गरजायचो, "आईबापानं हेच शिकवलं का बे?" दरवर्षी पुस्तकांची पडताळणी व्हायची आणि त्या एका क्रमांकापुढं मीच माझ्या सुवाच्य अक्षरात 'गहाळ' लिहायचो. लाज वाटायची, लई वाटायची. पण अक्षर कधी बिघडलं नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात धीर करून ते पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात सारलं. वाटलं, सुटलो. कसलं काय! माझा सहायक माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याला ते दोन दिवसांत सापडलं. निरोपसमारंभात त्यानं ते उंच धरलं. "एवढ्या वर्षांनी चोरानं पुस्तक आणून ठेवलं! हा सरांचा धाक!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल खांद्यावर, नारळ हातात आणि समोर माइक. मला राहवलं नाही. "तो चोर मीच," म्हणालो. सभागृह खो खो हसलं. काय सरांचा मिश्कील स्वभाव! कुलगुरूंनी तर हसून हसून डोळे पुसले. मग मीही हसलो. भित्रा मेला!

"आणि बघा," सहायक रंगात आला, "चोरानं लाल दोऱ्यानं शिवलंय पण काय झकास!"

गावाहून सकाळच्या जीपनं आलेली आई पहिल्या रांगेत होती. ती काठी टेकत उठली.

"कावून चोर म्हणतो रे? म्या शिवलंय ते," ती ठणकावून म्हणाली. "बक्षीस दिलतं सरांनी माझ्या लेकाला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आईही बघत होती, कौतुकानं. आता लेक पुढचं सांगंल, असं तिला वाटत असावं. माइक अजून माझ्याच हातात होता.

"आई," मी म्हणालो, "ते बक्षीस नव्हतं गं."

या वेळी कुणी हसलं नाही.